बेस दिसतो, पण ऐकू का येत नाही?

दिवाळी होते, धान निघतात आणि वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, अर्जुनी मोरगाव या पूर्व विदर्भातल्या पट्ट्यात मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांचा हंगाम लागतो. रात्री कुठे झाडीपट्टीचं नाटक, कुठे ऑर्केस्ट्रा. एप्रिल आला की गावोगाव भीमगीतं. अशा मंचांवर ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम) आणि कीबोर्डच्या शेजारी कुठेकुठे बेस गिटारवालाही उभा असतो. त्याची बोटं तारांवर फिरताना सगळ्यांना दिसतात. सतरंजीवर बसलेल्याला मात्र एक तर काहीच ऐकू येत नाही, नाही तर प्रत्येक गाण्यात तोच एक 'ढूम्म' ऐकू येतो. मग मागून कोणी तरी म्हणतोच, "बेसवाला त दिसून राह्यला ना भाऊ, वाजून काय राह्यला मंग?"

यावर बहुतेक साउंडवाल्यांचा इलाज ठरलेला: बेसचं बटण आणखी थोडं उजवीकडे. माझा अनुभव उलटा आहे. बेस नीट ऐकू येत नाही तेव्हा खालचा, म्हणजे जाड स्वरांचा, आवाज बहुधा जास्त झालेला असतो, आणि तो कमी केला की गिटार सापडते. असं का होतं, ते तारेपासून सुरू करून पाहू.

जाड तार सेकंदाला ४१ वेळा

चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. या मोजमापाला हर्ट्झ म्हणतात. बाकीच्या तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. पाच तारांची गिटार असेल तर खालची तार ३१ पर्यंत उतरते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ४१ हर्ट्झची एक लहर आठ मीटरांहून लांब होते. गावातले कितीतरी मंच एवढे रुंदही नसतात. इतकी लांब लहर खांब, कनात, माणसं यांना वळसा घालून चारही बाजूंना पसरते. वरच्या पट्टीचा आवाज स्पीकरच्या तोंडासमोर सरळ जातो, खालचा तसा एका दिशेने धरून ठेवता येत नाही.

त्यात आपला कानही पक्षपाती. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असताना माणसाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात, आणि आवाज मोठा होत जातो तसा हा फरक घटतो. घरी रात्री हळू आवाजात सराव करताना बेसवाला खालची बटणं चढवतो ती यामुळेच, आणि तिथे ती बरोबरही वाटतात. तीच बटणं तशीच ठेवून मंचावर मोठा आवाज केला की खालचा भाग एकदम अंगावर येतो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. ४१ हर्ट्झची तार फक्त ४१ वरच थरथरत नाही. त्याच वेळी ८२, १२३, १६४ असे वरचे आवाजही ती काढत असते. यांना उपस्वर म्हणू. मोबाइलचा एवढासा स्पीकर १०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच वाजवू शकत नाही, तरी त्यावर गाणं ऐकताना बेसची चाल आपल्याला कळते, कारण कान उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखतो. थोडक्यात, साधारण ८० च्या खालून छातीत धक्का बसतो आणि 'स्वर कोणता' हे मुख्यतः ८० ते हजारच्या पट्ट्यातून कळतं. साउंडवाला वाढवतो ते पहिलं. श्रोत्याला कमी पडत असतं दुसरं.

मंचावर गेल्यावर गढूळ का होतो?

घरी बेस एकटा असतो. मंचावर त्याच्या गल्लीत गर्दी असते: ऑक्टोपॅडचा किक (मोठ्या ड्रमचा ठोका), ढोलकीचा किंवा तबल्याचा डग्गा, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात. हा शेवटचा सगळ्यात बेरकी. अनेक कीबोर्डवाले वर्षानुवर्षं बेसवाल्याशिवाय वाजवत आलेले, त्यामुळे डाव्या हाताने बेस भरायची सवय लागलेली, किंवा कीबोर्डमधली तयार स्टाइल, म्हणजे आपोआप वाजणारी साथ, स्वतःच बेस वाजवत असते. बेस गिटारवाला आला तरी ती सुरूच राहते. दोन बेस एकाच वेळी, एकमेकांपासून किंचित मागेपुढे, मग कुठलं मिक्सर काय करणार? स्टाइलमधला बेस बंद करणं आणि डावा हात मधल्या सप्तकात आणणं हा उपाय फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठा आहे. फक्त तो बटणाचा नाही, बोलण्याचा आहे. कार्यक्रमाआधी चहावर बोलून घ्यावं. गाणं सुरू असताना खुणा करून हे होत नाही.

उरलेलं मिक्सरवर. ज्या बटणांनी आवाजाचा खालचा, मधला, वरचा भाग वेगवेगळा कमी-जास्त करता येतो त्याला ईक्यू म्हणतात. बेसच्या चॅनलवर लो-कट, म्हणजे ठरावीक पातळीखालचं सगळं छाटणारी सोय, असेल तर ती ३५-४० हर्ट्झच्या आसपास लावावी. तिथे संगीत फारसं नसतं. बोटांचे धक्के, मंचाची थरथर आणि स्पीकरची फुकटची मेहनत मात्र असते. साध्या मिक्सरवरचं लो-कट बटण मात्र ७५ किंवा १०० हर्ट्झवर बसवलेलं असतं. ते गायकाच्या माइकसाठी ठीक, बेसला ते लावलं तर खालची अख्खी तार पातळ पडते. २०० ते ३०० च्या भागात थोडं उतरवलं की गढूळपणा निवळतो. ७०० ते हजारच्या भागात थोडं चढवलं की बोटाने तार ओढल्याचा आवाज पुढे येतो, आणि गिटार 'बोलायला' लागते. किकला ६० च्या आसपास जागा द्यायची ठरवली तर बेसला ८० ते १०० मध्ये ठेवायचं. दोघांनाही त्याच जागी चढवायचं नाही. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. कानाने थोडं इकडेतिकडे करावंच लागतं.

एकट्या बेसवर ऐकाल तर ही सेटिंग कोरडी वाटेल, ठोकळ्यासारखी. वाटू द्या. सगळे वाजायला लागले की तीच बरोबर बसते.

"जास्त वॉटचा ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) घेतला की झालं ना?"

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात, आणि डेसिबलचा हिशेब फसवा आहे. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला 'हो, जरा वाढला' एवढंच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. शंभरचा ॲम्प विकून दोनशेचा आणणाऱ्याची म्हणूनच निराशा होते. उघड्या मैदानात उलट बाजूने मारही बसतो. स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल जातात, आणि परत फेकायला भिंत नसते.

वॉट बघण्याआधी स्पीकरच्या पेटीवरचा दुसरा आकडा बघावा: एक वॉट दिल्यावर एक मीटरवर ती किती डेसिबल देते. १०० डेसिबलची पेटी १०० वॉटवर जेवढी वाजेल तेवढं वाजायला ९७ वाल्या पेटीला २०० वॉट लागतील. आणि वॉटही कुठले? बाजारातल्या पेट्यांवर 'पीएमपीओ' म्हणून हजारोंचे आकडे छापलेले असतात. त्यांना काही अर्थ नाही. आरएमएस लिहिलेला, म्हणजे सतत देता येणारा आकडाच धरावा.

वॉटची ही हाव तशी जुनी आहे. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस ही गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा ॲम्प. त्याच्यात ताकद बेताची होती. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने एसव्हीटी काढला: व्हॉल्व्हवर चालणारे ३०० वॉट आणि एकेका पेटीत दहा इंची आठ स्पीकर. तेव्हा मोठ्या मैदानांवर गिटारचा आवाज लोकांपर्यंत बहुतेक ॲम्पनेच न्यायचा असे. आज ते काम समोरच्या मोठ्या पेट्या करतात. गावच्या कार्यक्रमात कमरेचा काटा ढिला करणारा ॲम्प उचलून नेण्याचं कारण उरलेलं नाही.

ओहमचं गणित मात्र समजून घ्यावं, कारण यात ॲम्प जळतात. ओहम म्हणजे पेटी विजेला किती अडवते त्याचं माप. विहिरीवरच्या पंपाला एक पाइप असेल तर पाणी एकाच वाटेने जातं. दुसरा जोडला की वाटा दोन झाल्या, एकूण अडथळा कमी झाला आणि पाणी जास्त वाहू लागलं. ॲम्पचं तसंच. आठ ओहमची एक पेटी लावली तर भार आठ. तशीच दुसरी समांतर लावली तर भार चार. आणखी दोन लावल्या की दोन. भार खाली गेला की ॲम्पमधून करंट जास्त ओढला जातो. ॲम्पच्या मागे 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल आणि आपण दोनवर नेलं, तर तो एक तर बंद पडतो, नाही तर धूर काढतो. व्हॉल्व्हवाल्या ॲम्पला उलटी भीती असते, पेटी न लावता तो वाजवायचा नाही. ॲम्प आणि पेटी जोडायला गिटारची वायर वापरू नये. ती पातळ असते, तापते. स्पीकरची जाड वायर वेगळी.

व्होल्टेज पडलं की बेस आधी का मरतो?

याबद्दल कोणी बोलत नाही, आणि आपल्याकडे तर हेच रोजचं. खालच्या स्वरांना सगळ्यात जास्त वीज लागते. जुन्या पद्धतीच्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर हाती साधारण ६० टक्के ताकद उरते. त्यात बेसवाल्याने जोराने तार ओढली की ॲम्पला मागितलेलं देता येत नाही आणि लहरीची टोकं कापली जातात. याला क्लिपिंग म्हणतात. आवाज फाटतो तो तिथे. फाटलेल्या आवाजात नको असलेली वरची ऊर्जा तयार होते आणि पेटीतला ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, जळायची वेळ येते. मग बिछायत केंद्रवाला (मांडव-साउंड भाड्याने देणारा) म्हणतो, बेसवाल्याने स्पीकर उडवला. उडवला असतो व्होल्टेजने.

नवे हलके ॲम्प, ज्यांचा पॉवर सप्लाय स्विचिंग पद्धतीचा असतो, कमी व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतात. किती ते मागच्या पाटीवर लिहिलेलं असतं, एकदा वाचावं. जनरेटर असेल तर त्यावर लाइट, भजी तळणाऱ्याचा ब्लोअर आणि साउंड असं सगळं एकत्र टाकू नये. आणि प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज बघायचंच. कमी असेल तर वाईट, पण थ्री-फेज लाइनवर न्यूट्रल ढिला असेल तर एखाद्या फेजवर व्होल्टेज २३० च्या फार वर उसळतं, आणि एका क्षणात मिक्सर, कीबोर्ड, ॲम्प सगळं जातं.

"मग सरळ मिक्सरला लावलं तर?"

लावता येतं, फक्त मधे एक छोटी डबी हवी. तिला डीआय बॉक्स म्हणतात. बॅटरी नसलेल्या बेस गिटारचा सिग्नल नाजूक असतो. त्याला दहा लाख ओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला ते दहा-वीस हजारांचंच असतं. तिथे थेट खुपसलं की वरचे उपस्वर मरतात, आणि स्वर ओळखायला नेमके तेच लागतात. डीआय हा मेळ घालतो आणि सिग्नल माइकच्या तीन पिनांच्या वायरवर चढवतो, त्यामुळे मंचापासून मिक्सरपर्यंतच्या लांब वायरीत खरखर शिरत नाही. बऱ्याच ॲम्पच्या मागे डीआय आयताच असतो. त्यावर 'प्री' आणि 'पोस्ट' असं बटण असेल तर 'प्री'वर ठेवावं; मग बेसवाल्याने स्वतःसाठी ॲम्पची बटणं कितीही फिरवली तरी लोकांकडे जाणारा आवाज बदलत नाही.

मग ॲम्प कशासाठी?

बेसवाल्याला आणि ढोलकी-ऑक्टोपॅडवाल्याला ऐकू यावं म्हणून. एवढंच. त्यासाठी तो कुठे ठेवता हे महत्त्वाचं. पायाशी ठेवलेला ॲम्प गुडघ्यांना ऐकवतो. वरचे उपस्वर सरळ रेषेत जातात, कानांपर्यंत चढत नाहीत. मग बेसवाला आवाज वाढवतो आणि पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं उठून मागे जातात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा विटेने पुढून उचलून तोंड वर करा, निम्म्या आवाजात काम भागतं.

खुर्चीचा आणखी एक फायदा. आपले मंच म्हणजे लोखंडी घोडे किंवा ड्रम, त्यावर फळ्या, त्यावर सतरंजी. खाली पोकळ. अशा फळ्यांवर ॲम्प बसवला की फळ्याही वाजतात, आणि एखादाच स्वर घोंगावतो. पेटी फळीपासून सुटली, मधे जाड फोम आला, की ते बरंच शमतं.

"पंधरा इंची स्पीकरशिवाय बेस येतच नाही" हे लहानपणापासून ऐकतोय. पेटीची रचना आणि आकार इंचांपेक्षा जास्त ठरवतात. दहा इंची चार स्पीकरची चांगली पेटी स्वस्तातल्या एका पंधरा इंचीला सहज मागे टाकते. "बेसची लहर बनायलाच वीस फूट लागतात" हेही खरं नाही. तसं असतं तर हेडफोनवर बेस ऐकूच आला नसता.

सगळ्यात चांगला बेस रिकाम्या वाटेला

फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पेट्यांना सब म्हणतात. आपले साउंडवाले त्यांना 'बेस' आणि वरच्यांना 'टॉप' म्हणतात. मंडळाला मंचाच्या दोन्ही बाजूंना उंच मनोरे आवडतात, फोटोत शोभून दिसतात. पण दोन्हीकडच्या सबमधून तोच स्वर निघतो आणि श्रोत्यापर्यंत दोन वेगळ्या अंतरांनी पोचतो. ८० हर्ट्झची लहर सव्वाचार मीटरची. दोन अंतरांत त्याच्या निम्मा, म्हणजे दोन-सव्वादोन मीटरांचा फरक पडला की एकीची लहर चढत असताना दुसरीची उतरते आणि दोघी एकमेकींना मारतात. त्या जागी तो स्वर जवळजवळ गायब. अगदी मधोमध मात्र दोन्ही अंतरं सारखी, म्हणून तिथे जोरदार बेस. आणि गावात मधोमध काय असतं? पुरुषांची बाजू आणि बायांची बाजू यांच्यामधली मोकळी सोडलेली वाट. झकास बेस ऐकायला मिळतो तो पाहुण्यांना हार घेऊन जाणाऱ्या पोराला.

सगळे सब एकत्र, मंचाच्या पुढे मध्यभागी, जमिनीवर ठेवले की हा खेळ संपतो. जमिनीवरच ठेवावेत, कारण जमीन खालची लहर परत फेकून आवाजात भर घालते, फुकटात. मनोरे हवेच असतील तर त्यात टॉप ठेवा. उलट मधल्या वाटेतच बेस गायब असेल आणि कडेला बरा असेल, तर एका सबच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्यात का ते आधी तपासा.

गुणगुण आणि झटका

अखंड 'हूंऽऽ' येत असेल तर ती आपल्या विजेची ५० हर्ट्झ आणि तिचे उपस्वर. ॲम्पचं अर्थिंग एका जागी, मिक्सरचं दुसऱ्या जागी असं झालं की ती शिरते. डीआयवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण त्यासाठीच आहे. प्लगची जाडी पिन मोडून गुणगुण घालवणारे महाभाग मी पाहिलेत. तसं कधीही करू नका. एका हातात गिटारची तार आणि ओठाला माइक, अशा वेळी सदोष अर्थिंग जीव घेऊ शकतं. साउंडचा सगळा सप्लाय एकाच ठिकाणाहून घ्यावा, आणि त्याला खरं अर्थिंग असावं.

"पण पब्लिकले त धडधडच पाह्यजे"

नाचायला, हो. मिरवणुकीत बेसचा स्वर कोणी ओळखत बसत नाही. पण लोक बसून गाणं ऐकायला आलेत, शब्द कळायला हवेत, तिथे धडधडीखाली सगळ्यात आधी गायकाचाच आवाज बुडतो. आयोजकाला हे सांगून पटत नसेल तर दोन गाणी दोन पद्धतींनी वाजवून दाखवावीत.

शिवाय कायदा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून वर किंवा ७५ हून वर, यातलं जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. वस्तीची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर ६५.

यात एक गोम आहे. हे मोजमाप 'ए' पद्धतीचं असतं, आणि त्या पद्धतीत ५० हर्ट्झचा आवाज मीटर सुमारे ३० डेसिबलने कमी धरतो. मीटरवर आकडा कायद्यात बसलेला दिसतो, आणि पलीकडच्या टोलीवर (वस्तीवर) टिनाचे पत्रे थरथरत असतात. वरचे स्वर हवेत आणि झाडाझुडपांत विरतात. खालचे भिंतीतून, पत्र्यातून पार होतात. दूरच्या गावाला भीमगीताचा एक शब्द ऐकू जात नाही, 'ढूम ढूम' मात्र रात्रभर. ४० च्या खालचं छाटलं तर समोर बसलेल्याचं काहीच जात नाही. झोप मोडत असते त्या दूरच्याला तेवढा तरी आराम मिळतो.

हे सगळं जमलं की नाही, ते मंचावर उभं राहून कळत नाही. दुपारी साउंड लावून झालं की बेसवाल्याला चारही तारांवर खालून वर एकेक स्वर सावकाश, सारख्या जोराने वाजवायला सांगा आणि तुम्ही मागच्या कनातीपर्यंत चालत जा. एखादाच स्वर उसळत असेल तर आधी ॲम्प फळीवरून उचला, तरी राहिला तर ईक्यूवर तेवढीच जागा उतरवा. खालचे सगळेच स्वर एकसारखे 'ढूम' वाटत असतील तर ७०० ते हजारच्या भागाला हात घाला. आणि रात्री माणसं बसल्यावर पुन्हा एकदा मागे जाऊन या, कारण भरलेल्या मांडवात अंगं आणि कपडे वरचे स्वर पितात, खालचे तसेच राहतात, आणि दुपारी बरोबर वाटलेला बेस तेव्हा पुन्हा दोन खुणा खाली आणावा लागतो.